पहिलं पाणी आणि माझं मीठ

हिंगोली डेक्कन स्टेशनच्या फलाटावर माय रडत होती, बाबा खांबाला टेकून रुळांकडं बघत होते, आणि काळीपिवळी जीपमध्ये कोंबून आलेलं बाकीचं गाव मला सल्ले देत होतं. हैदराबादच्या विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला मला प्रवेश मिळाला होता. आमच्या गावातून माणसं पुण्याला कंपनीत गेली होती, एकजण दुबईलाही जाऊन आला होता; पण इतिहास शिकायला एवढ्या लांब निघालेला मी पहिलाच. त्यामुळं मला नेमकं काय सांगून पाठवावं, हे कुणालाच उमगत नव्हतं.

"इतिहास?" माझे चुलते प्रल्हादकाका म्हणाले. "तो तं होऊन गेला की रे. आता त्यात शिकायचं काय राहिलं?"

शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेला माणूस मी. फलाटावरच छाती काढून म्हणालो, "काका, इतिहासातून माणूस धडा घेतो."

"मंग धडा घे अन् लवकर वापस ये. सोयाबीन काढायला माणूस भेटून न्हाई राहिला."

माझी पेटी खिडकीतून आत ढकलली ती संतोषनं. संतोष म्हणजे आमच्या शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या नायकाचा, म्हणजे तिथल्या प्रमुखाचा, पोरगा. पुसेगावच्या शाळेत आम्ही दोघं एकाच सायकलवर जायचो. चढाला तो पायडल मारायचा, उताराला मी मागं बसून मेहनत घ्यायचो. पेटीपाठोपाठ मायनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या हळदीची पुडी दिली. हैदराबादेत हळद मिळत नसावी अशी तिची खात्री होती, आणि ती खात्री आजही कायम आहे.

गाडीनं शिट्टी दिल्यावर बाबा खांब सोडून खिडकीशी आले. म्हणाले, "गजू, समजलं न्हाई तं समजलं न्हाई म्हन. ठाऊक न्हाई म्हनायला तोंड दुखत न्हाई."

मी मान डोलावली. पेटी बाकाखाली सरकवायला वळलो तेवढ्यात गाडी हलली, तसा हात हलवायला म्हणून घाईनं खिडकीशी धावलो आणि जीव तोडून हात हलवला. गाडीनं वेग घेतल्यावर लक्षात आलं की मी पलीकडच्या खिडकीशी होतो आणि इतका वेळ एका उभ्या मालगाडीचा निरोप घेत होतो. सगळं गाव अलीकडं फलाटावर होतं. माय अजून म्हणते, "पोरगं एवढं कठोर, वळून बघितलं न्हाई."

हैदराबादेत पहिले काही दिवस मी फार तोऱ्यात होतो. 'बराबर', 'तकलीफ', 'वापस' हे शब्द आपल्याकडं रोजचेच, तेव्हा आपल्याला इथली भाषा येते असा माझा समज होता. तो कँटीनवाल्यानं दूर केला. मी अस्सल समजून जे काही बोललो ते ऐकून त्यानं शांतपणे सांगितलं, "भाई, मराठी में बोलो ना, समझता मैं."

खरी हजेरी वर्गात लागली. संशोधनपद्धती शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या तेलुगू घरातल्या; वर्गात इंग्रजी बोलत, आणि चिडल्या किंवा खूश झाल्या की पक्कं हैदराबादी. पहिल्या निबंधाला मी मराठवाड्याच्या इतिहासावर पंधरा पानं लिहिली. सुरुवात अर्थातच 'प्राचीन काळापासून'. मग शौर्य, त्याग, संतांची पावन भूमी. वक्तृत्वाच्या ढालीला जे जे लागतं ते सगळं इंग्रजीत ढकललेलं. निबंध परत आला तेव्हा समासात प्रत्येक वाक्याशेजारी तांबड्या पेन्सिलीनं एकच प्रश्न होता. तो त्यांनी मला समोर बसवून तोंडीही विचारला.

"ये किसने बोला, बाबा?"

मी अभिमानानं सांगितलं, "मैं ही बोला, मॅडम."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. "हौ. वहीच तो तकलीफ है."

मग मी तळटीप शिकलो. हे कुठून घेतलं, त्यानं कुठून घेतलं, त्याचा त्यात काय स्वार्थ, दुसरं कुणी स्वतंत्रपणे तेच सांगतं का. जे शिकून मी थक्क व्हायचो ते घरी रोज चालायचं हे नंतर ध्यानात आलं. माय कधीच नुसती बातमी देत नसे. "मी न्हाई म्हनत, गयाबाई म्हनत होती. तिला तिच्या सुनेनं सांगितलं. अन् सून काय, सासूला खूश करायला कायबी सांगते." बातमी, साधन आणि साधनाची चिकित्सा, सगळं चुलीपुढं बसल्या बसल्या. पण मला विद्यापीठाची फी भरूनच ते शिकायचं होतं.

शिकलो ते असं शिकलो की नवशिक्याला अजीर्ण व्हावं. माय फोनवर म्हणाली, "पाऊस झाला बरं का चांगला." मी विचारलं, "चांगला म्हणजे किती? कुणी सांगितलं?"

"मी भिजले नं रे मुडद्या!"

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. वर्गातली पोरं मोठमोठे विषय घेत होती. मला आठवली गावची बारव. जे कधी आमच्याकडं आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाव आणि तांडा यांच्या मधोमध ही पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तिच्या तोंडाशी बैलांना पाणी पाजायची लांब दगडी डोणी. पोळ्याला गावातले बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून आधी या डोणीवर येतात आणि मग मारुतीपुढच्या तोरणाखाली जातात. पण डोणीला पहिलं तोंड लावते तांड्यावरच्या नायकाची जोडी. ती पिऊन बाजूला झाली की मग गावची बैलं. याला म्हणतात पहिलं पाणी. डोणी भरून ठेवायचं काम आमच्या घराकडं. आजोबा मोटेनं भरायचे, बाबा मोटरचं बटण दाबतात.

काहून? ठाऊक नाही. कुणी विचारलंही नव्हतं. तांड्यावरची मंडळी पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखोमुलुख फिरायची, आता आमच्यासारखीच हळद-सोयाबीन करतात, एवढं सगळ्यांना माहीत. पण त्यांच्या बैलाला आधी पाणी का, हा प्रश्न गावात आला तो माझ्यासोबत.

आला तो असा. पहिल्या वर्षीच्या दिवाळीला मी गावी आलो होतो. अंगावर जॅकेट, तोंडात नवे शब्द. सकाळी मारुतीच्या पारावर चहा घेत बसलो होतो. पारावर गावच्या म्हाताऱ्या गयाआजी होत्या (मायच्या बातम्यांतल्या गयाबाई त्याच), प्रल्हादकाका होते, आणखी चार-दोन माणसं. मी म्हणालो, "ह्या पहिल्या पाण्यामागं काहीतरी कारण असणार." कुणी म्हणालं, "काय असंल?" आता इथं बाबांचं फलाटावरचं वाक्य आठवायला हवं होतं. पण समोर ऐकणारी माणसं आणि हातात गरम चहा असला की मला आवरत नाही. मी म्हणालो, "समजा, दुष्काळाचं साल आहे. गावात मिठाचा खडा नाही. तांडा मिठाच्या गोण्या घेऊन चाललाय. त्यांनी गावाला मीठ दिलं, आणि गावानं त्यांच्या बैलांना कायमचं पहिलं पाणी दिलं. असं असू शकतं."

"अगं बाई!" गयाआजी म्हणाल्या आणि त्यांनी चहा खाली ठेवला. गोष्ट सांगणाऱ्याला याहून मोठी ढाल मिळत नाही.

मी हैदराबादला परतलो. 'समजा' पारावरच राहिला.

उन्हाळ्यात मी फोनमधलं रेकॉर्डर घेऊन साधनं गोळा करायला हिंडू लागलो. सुरुवात गयाआजींपासून. "आजी, पहिल्या पाण्याबद्दल तुम्हाला काय माहिती?" आजी पदर सावरून बसल्या आणि दुष्काळ, तांडा, मिठाच्या गोण्या, सगळं सांगितलं. वर एक बैल मिठाच्या ओझ्यानं डोणीपाशी खाली बसला, हेही. माझ्या अंगावर काटा आला. माझा अंदाज खरा निघाला! तांड्यावर नायकाच्या चुलत्यांनी तेच सांगितलं. त्यांच्या गोष्टीत बैलाला नावही होतं, मोत्या. मग मी पुसेगावला गेलो. तिथं बाजारात दोर-कासऱ्यांचं दुकान चालवणारे मायच्या नात्यातले अंबादासआजोबा आहेत. वेगळं गाव, वेगळा माणूस, आमच्या बारवेशी देणंघेणं नाही. त्यांनीही मीठच सांगितलं. म्हणजे तीन साधनं, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि तिन्ही एकच बोलतात. पुस्तकात ज्याला भक्कम पुरावा म्हणतात तो हाच. मी आनंदानं उठलो, "आजोबा, चहा सांगून येतो," म्हणालो आणि फोन तसाच दोरांच्या गुंडाळ्यावर ठेवून हॉटेलकडं पळालो.

प्रकरण लिहून झालं. सेमिनारला अजून अवकाश होता, पण मला दम कुठला? मी त्याचा मराठी सारांश गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ते वाक्य मला अजून पाठ आहे, कारण गाव ते मला विसरू देत नाही: 'संशोधनाने सिद्ध झाले आहे की, भीषण दुष्काळात मिठाच्या खड्यासाठी तडफडणाऱ्या आपल्या गावाने तांड्यापुढे पदर पसरला, आणि त्या उपकाराची खूण म्हणजे पहिले पाणी.' खाली अंगठे आले, फुलं आली, एका चुलतभावानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. प्रल्हादकाकांनी मात्र मेसेज नुसता वाचला. ते गप्प बसले की आभाळ भरून आलं असं समजायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी तेव्हा अंगठे मोजत होतो.

सेमिनार झाला पोळ्याच्या थोडं आधी. मी गळा साफ करून बोललो आणि शेवटी पुराव्यादाखल अंबादासआजोबांचं रेकॉर्डिंग लावलं. मीठ आलं, डोणीपाशी बसलेला बैल आला. माझा आवाज आला, "चहा सांगून येतो." इथं बंद करायचं होतं. पण मी वर्गाच्या चेहऱ्यांवरचं कौतुक न्याहाळत उभा राहिलो आणि फोन वाजत राहिला.

"लेकरू खूश झालं," अंबादासआजोबा म्हणाले.

दुसरा आवाज, बहुतेक शेजारच्या दुकानातला: "खरी हाय का वो ही मिठाची गोष्ट?"

"कोनाला ठाऊक! ह्यानंच तं सांगितली गेल्या दिवाळीला, त्यांच्या पारावर. गयाबाई बाजाराला आलती, तिनं मला सांगितली. आता हा एवढ्या उन्हाचा आला, मशीन लावून बसला, काहून नाराज करायचं? त्याचीच त्याला दिली वापस."

आणि दोघं हसले. वर्गात नांदेडचा एकजण होता, तो बाकावर डोकं टेकून हसायला लागला. बाकीच्यांना मराठी येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "क्या बोल रहे बुजुर्ग? बताओ." स्वतःच्या फजितीचं शब्दशः भाषांतर भर सेमिनारात स्वतःच करायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्यानं मला भेटावं, मी चहा पाजीन.

भाषांतर संपल्यावर मॅडमनी विचारलं, "तो फिर नमक की बात किसने बोला?"

"मैं ही बोला, मॅडम."

मला वाटलं आता फाईल अंगावर येणार. त्या म्हणाल्या, "हौ. अब जाके तुम्हारा चॅप्टर शुरू हुआ. लिखो, एक झूठ इतना चलता कैसा." पण मला ते तेव्हा नीट ऐकूच आलं नाही. कान लाल झाले होते, आणि खिशात फोन थरथरत होता. संतोषचा होता.

"गजू, तू काय लिहून बसला बे?"

मी म्हणालो, "का रे?"

"प्रल्हादकाका चावडीवर बोलले. म्हने, आमच्या बापजाद्यांनी कुनापुढं पदर पसरला न्हाई. असलं काई असंल तं औंदा पहिलं पानी बंद. इथं माझा बाप म्हनून राहिला, ज्या पान्यावर वाद झाला त्याला माझी बैलं तोंड लावनार न्हाई. आमी पोळा तांड्यावरच करनार." मग म्हणाला, "तुझं ते सिद्ध झालंय नं खरंच?"

'येतो मी गावाला' म्हणून मी फोन ठेवला. 'न्हाई' म्हणायला तोंड खरोखर दुखत होतं.

वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन बसलो. तिथून एक कोरडी टेकडी दिसते आणि तिच्यावरचे मोठे मोठे गोल दगड, कुणी रचून ठेवल्यासारखे. ते बघत बसलो आणि हळूहळू उलगडलं की मी काय करून ठेवलंय. पहिल्या पाण्याला जोवर कारण नव्हतं तोवर त्याला कुणी हरकत कशी घेणार? उन्हाला कारण विचारतं का कुणी? मी त्याला कारण दिलं, आणि कारण म्हटलं की ते खोडता येतं, त्याचा राग येतो, त्याच्यात कुणी वर आणि कुणी खाली होतो. आजोबा-पणजोबांपासून बैल एका रांगेत पाणी पीत आले, आणि मी एका फुलोऱ्याच्या वाक्यानं ती रांग मोडली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो. या खेपेला बरोबर खिडकीशी बसलो, पण फलाटावर कुणी आलं नव्हतं.

घरी बाबांनी विचारलं नाही, रागावले नाहीत. मीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या जू वाहून वाहून दुखऱ्या झालेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्या जोडीचं झाल्यावर बाबांनी वाटीत थोडं लोणी-हळद राखलं आणि मला म्हणाले, "चल."

तांड्यावर नायक बाजेवर बसले होते. संतोष दाराशी. मी "नायककाका, माझी चूक—" असं काहीतरी सुरू केलं, तर बाबांनी हातानंच गप्प केलं. नायकांशी ते एक शब्द बोलले नाहीत. सरळ गोठ्यात गेले, नायकांच्या दोन्ही बैलांच्या खांद्यांना लोणी चोळलं, अगदी आपल्या बैलाला चोळावं तसं निवांत, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. अन् येताना पान्याला या."

नायक बाजेवरून बघत होते. "माझ्या बैलाला तू आवतन देतो व्हय?"

"तुला कोनी दिलं? तू नको येऊ," बाबा हात पुसत म्हणाले. "मी त्याइला दिलं."

नायकांच्या मिशा हलल्या. "आवतन घेतलेला बैल दावणीला ठेवू काय आता? पाप लावतो का मला?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पन गावानं आडवलं तं?"

बाबा म्हणाले, "ते हा बघंल."

हा म्हणजे मी. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी मनात चार-पाच भाषणं जुळवली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सगळं गाव बारवेवर होतं. पूर्वीसारखी बैलांची गर्दी आता नसते; मोजक्याच जोड्या, आणि पलीकडं हार घातलेले ट्रॅक्टर. नायक आणि संतोष तांड्याकडून जोडी घेऊन आले. प्रल्हादकाका डोणीसमोर कासरा धरून उभे होते. भांडायच्या आवेशात नव्हते, पण हलतही नव्हते.

"आला का इतिहासवाला," काका म्हणाले. "सांग बाबा, सगळ्यांसमोर सांग. आमी पदर पसरला व्हता?"

मला पुष्कळ काही बोलता आलं असतं. मौखिक परंपरेचं स्वरूप, साधनांची मर्यादा. वक्तृत्वाची ढाल आतून ढोल वाजवत होती. मी म्हणालो, "काका, मला ठाऊक न्हाई."

"आता ठाऊक न्हाई? अन् ते सिद्ध झालं म्हून लिहिलं ते?"

"मीच पारावर सांगितलं, तिथून ते तांड्यावर गेलं, गयाआजींनी पुसेगावला नेलं, मी तिथं जाऊन ऐकलं, अन् मीच लिहिलं. मीठ न्हाई, दुष्काळ न्हाई, मोत्या न्हाई, पदर बी न्हाई. पहिलं पानी काहून देतात ते मला ठाऊक न्हाई."

कुणीतरी खुसखुसलं आणि बघता बघता हशा अख्ख्या बारवेत घुमला. हसले नाहीत ते काका, नायक आणि गयाआजी. गयाआजी तर काठी टेकत पुढं आल्या.

"तुला रे काय ठाऊक असनार?" त्या मला म्हणाल्या. "मिठाची गोष्ट माझ्या सासूनं सांगितलेली हाय."

"आजी, मीच सांगितली तुम्हाला दिवाळीला. तुम्ही चहा खाली ठेवला होता."

"तू? तू तवा शेंबूड पुसत व्हता!"

आता मी काय करणार? जिची साक्ष काढायची, तीच माझी गोष्ट माझी मानेना. मी बाबांकडं पाहिलं. बाबा मोटरच्या पेटीपाशी उभे होते. म्हणाले, "प्रल्हादा, याला ठाऊक न्हाई. मला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक हाय का?"

काकांनी जरा विचार केला. "न्हाई."

"नायका, तुला?"

"मला बी न्हाई."

"मंग? ठाऊक न्हाई त्यात बदलायचं काय? जसं चालू हाय तसं चालू द्या." आणि बटण दाबलं.

डोणीत पाण्याची धार पडली. काकांनी कासरा सैल सोडला आणि एक पाऊल बाजूला झाले. नायकांची जोडी पुढं आली, रंगवलेली शिंगं पाण्यावर झुकली. बैल पाणी पितो तेव्हा किती सावकाश पितो हे मी विसरलो होतो. संतोष माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि कोपरानं मला जोरात ढोसलं. ते क्षमेचं होतं की शिक्षेचं, तेही ठाऊक नाही. नायकांची जोडी पिऊन वळली तेव्हा काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "पी रे बाबा पोटभर. खारट तं न्हाई लागलं?"

पुन्हा हशा. आणि तेवढ्यात, मधेच घरी गेलेल्या गयाआजी परत आल्या. मुठीत खडेमीठ होतं. "असंल नसंल," म्हणत त्यांनी ते डोणीत टाकलं.

दुसऱ्या पोळ्यालाही टाकलं. आता नवी सून गावात आली की तिला सांगतात, डोणीत मीठ टाकायची पद्धत आपल्याकडं फार पूर्वीपासूनची आहे. त्या पद्धतीची तळटीप म्हणजे मी, आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. गावात मला नावच पडलं, 'ठाऊक-न्हाई-मास्तर'.

लघुप्रबंध मी पुन्हा लिहिला. एक बनावट गोष्ट पारावरून बाजारात आणि बाजारातून पुन्हा माझ्याच फोनमध्ये कशी आली, असा. शेवटचं वाक्य होतं, 'या प्रथेचे कारण उपलब्ध साधनांवरून सांगता येत नाही.' मॅडमनी पानं परत दिली तेव्हा मी त्या वाक्याचा समास आधी पाहिला. तिथं तांबडी पेन्सिल लागलेली नव्हती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी हैदराबादेतच एका कॉलेजात संशोधनपद्धती शिकवतो. समासात 'किसने बोला' लिहितो. पोरांना वाटतं ती माझीच युक्ती. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलेत त्यांना हे कळेल: इथं मी बोलता बोलता 'व्हय' म्हणतो आणि पोरं हसतात, गावी होकाराला 'हौ' निघतं आणि माय म्हणते, "हौ हौ काय करून राहिला, बैल हाकून राहिला का?" घरच्या हळदीची पुडी दर खेपेला येते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, हिंगोलीची हळद वेगळी असते का? मी म्हटलं, असते. किसने बोला? मायनं. या एका बाबतीत मी दुसरं साधन शोधलेलं नाही.

तुम्ही जे तिथंच राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्ही गेलेल्यांना घर म्हणजे ते वास, ती माती, ते सगळं आठवतं. आठवतं. पण जास्त आठवतो तो डोणीसमोरचा हशा. जिथं मला नसलेली अक्कल दाखवावी लागते अशा जागा शहरात पुष्कळ आहेत. 'ठाऊक नाही' म्हटल्यावरही ज्यांनी मला जेवायला बसवलं, पुरणावर तूप वाढलं, ती माणसं मात्र तिथंच आहेत.

यंदा परीक्षेच्या कामामुळं पोळ्याला जाता आलं नाही. दुपारी संतोषचा व्हिडिओ कॉल आला. नायककाका थकलेत, त्यांच्या जोडीतला एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा उन्हाळ्यात. तांड्यावर आता संतोषचा ट्रॅक्टर आहे. पडद्यावर बारव दिसली, डोणी दिसली, आणि डोणीसमोर तो ट्रॅक्टर, लायटांना बाशिंगं बांधलेला. सगळे घोळका करून उभे. नायककाका खुर्चीवर. प्रल्हादकाका बादली घेऊन. आणि गयाआजी, आता कमरेत पार वाकलेल्या, मूठ उचलून ट्रॅक्टरकडं निघालेल्या, आणि संतोषचा धाकटा भाऊ रेडिएटरवर दोन्ही हात आडवे धरून ओरडतोय, "आजी, मीठ न्हाई! इंजिन जाईल!"

"गजू," प्रल्हादकाकांनी फोनमध्ये तोंड घातलं. "ह्यांच्याकडं बैल न्हाई राहिला. ट्रॅक्टरला पहिलं पानी चालतं का रे? काय म्हनतं तुझं शास्त्र?"

सगळं गाव पडद्यातून माझ्याकडं बघत होतं. नायककाकाही. त्यांच्या नजरेत चेष्टा नव्हती.

मी म्हणालो, "काका, मला ठाऊक न्हाई."

मागून, मोटरच्या पेटीकडून, बाबांचा आवाज आला.

"न्हाई नं ठाऊक? मंग घाला पानी."